आतून एक, बाहेरून एक

टाकी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
घराच्या मागे, लाल गमच्या ओंडक्यांवर,
नालीदार पत्र्याची, पाच हजार गॅलनची.
आम्ही अजून गॅलनमध्येच मोजतो. लिटर बँकेसाठी.

गॉयडरच्या रेषेच्या वरच्या अंगाला आमची जमीन.
इथे पाऊस झाला की तारीख वहीत लिहितात,
घरातल्या जन्ममृत्यूंच्याच वहीत,
मागच्या पानापासून उलटी.
म्हणून फेब्रुवारीत ओंडक्यांखाली गवत हिरवं दिसलं
तेव्हा मी हरखले नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुकानदार म्हणाला, प्लास्टिकची घे, वीस वर्षांची हमी.
मी चौऱ्याहत्तर वर्षांची. हमी कुणाला?
बोल्ट घेतले, रबरी वॉशर, डांबराचा डबा,
आणि घरी आल्यावर आठवलं,
बोल्टला दोन माणसं लागतात.

एर्विनला फोन केला,
वडिलांच्या मृत्युपत्रानंतर पहिल्यांदा,
म्हणजे अकरा वर्षांनी.
"टाकी गळतेय," मी म्हणाले.
बराच वेळ तारेवर नुसता वारा.
मग, "पाना आहे, की आणू?"

आत मीच उतरले. लहानपणीही मीच उतरायचे,
खांदे अरुंद म्हणून.
तळाला वीतभर गाळ, एक बेडूक, कधीचा, कागद झालेला.
"झाकण ओढ," म्हटलं,
आणि अंधारात चहूकडून ऊन टोचायला लागलं.
कुणी म्हणेल तारे. मी मोजली. सदतीस.
खडूने एकेकाभोवती गोल केला.

"खालून तिसरी वळी. शिवणीच्या डावीकडे."
"तुझ्या डावीकडे की माझ्या?"
हे आम्हाला मृत्युपत्राच्या वेळीही ठरवता आलं नव्हतं.

मी बोल्ट सारायचे,
पलीकडून कुणीतरी तो धरायचं, ओढून बघायचं,
नट फिरायचा, पत्रा कण्हायचा,
आणि माझ्याकडचा उजेड एका ठिपक्याने कमी व्हायचा.

वडिलांची ठिगळं हाताला लागली:
जस्ताची, चौकोनी, डाग दिलेली, चारी कोपरे सारखे.
एकच वाकडं, डाग ओघळून मेणासारखा थिजलेला.
"हे कुणाचं?"
बाहेर पाना थांबला.
"माझं. नऊ वर्षांचा होतो.
त्यांनी ते काढलं नाही कधी."
मी अंगठा फिरवला. कोरडं ठणठणीत.

खालच्या कुरणाबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.
एकोणिसाव्या बोल्टपाशी त्याने माझा गुडघा विचारला.
एकोणतिसाव्यापाशी मी विचारलं, मार्लिस काय म्हणते?
"गेली. मेमध्ये दोन वर्षं होतील."
मला कुणी कळवलं नव्हतं.
मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.
बोल्ट हातात तसाच, रबर घामाने ओलं.
मग त्याने बाहेरून दोनदा ठोकलं, हळू.
मी बोल्ट सारला.

सदतिसावं बुजलं तेव्हा स्वतःचा हातही दिसेना.
"झाकण काढ रे."
वरून गोल उजेड पडला,
त्यात त्याचं टक्कल, मग हात.
मनगट वडिलांचं, घड्याळही त्यांचंच,
ज्यावरून अर्धं भांडण झालं होतं.
मी धरलं आणि वर आले.

टँकरचं पाणी भरलं. तिसऱ्या रात्री जाग आली.
थेंबाचा आवाज नाही. इतकी वर्षं त्यावर झोपत होते,
हे आता कळलं.
विजेरी घेऊन गेले, पत्र्यावरून तळवा फिरवला,
आणि दाराच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर,
गार, सुईच्या टोकाएवढं, अडतिसावं.
अशा भोकात वडील कपड्यांचा साबण घासायचे.
वर्षभर टिकतो. एका माणसाचं काम.

साबण घासला.
उजाडल्यावर फोन केला.
"अजून एक आहे. पाना घेऊन ये."
"कुठे?"
"डावीकडे," मी म्हणाले. "तुझ्या."